देवरुखची ओटी की सिंहगड रस्त्यावरचा फ्लॅट?

*"माझी आई ७२ वर्षांची आहे. देवरुखजवळच्या आमच्या गावात ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. बाबा गेल्या दिवाळीत गेले, तेव्हापासून एकटीच राहते. गेले पाच-सहा महिने ती तेच तेच विचारते. दोनदा गॅसवर दूध ठेवून विसरली. एकदा तर पातेलं पार जळून गेलं. फोनवर मी विचारते एक आणि ती उत्तर देते भलतंच. टीव्हीचा आवाज पार रस्त्यापर्यंत येतो, असं शेजारची काकू म्हणते. मी तिला पुण्याला आणायचं ठरवलं. आमचा फ्लॅट सिंहगड रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. रस्त्याच्या बाजूची मोठी, हवेशीर खोली तिच्यासाठी रिकामीही केली. तेवढ्यात अमेरिकेतल्या भावाने एक बातमी पाठवली, की शहरातल्या धुराने आणि आवाजाने डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होतो. खाली लिहिलं, 'आईला त्या धुरात नेऊ नकोस. गावची हवा हेच तिचं औषध. चोवीस तासांची बाई ठेवू, पैसे मी देतो.' इकडे गावातले म्हणतात, लेक असून आईला एकटी टाकलीय. मी काय करू?"*

*एक लेक, पुणे*

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना लक्ष धुराकडे गेलं, दुसऱ्यांदा टीव्हीच्या आवाजाकडे. म्हणून आधी टीव्हीचं बोलते, धुराचं मागून बघू.

फोनवर भलतंच उत्तर येतं आणि टीव्ही रस्त्यापर्यंत ऐकू येतो, या दोन्ही गोष्टी तुम्ही विसरण्याच्या यादीत टाकल्यात. मला त्या कानाच्या यादीतल्या वाटतात. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार? आई तेच तेच विचारतात, त्यातला थोडा भाग असा असू शकतो की पहिल्या वेळचं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यातून त्या पडल्या मास्तरीणबाई. आयुष्यभर मागच्या बाकावरची कुजबूज टिपलेल्या बाईला 'मला नीट ऐकू येत नाही' हे म्हणायला किती जड जात असेल बघा. मग माणूस 'हं, हं' करून वेळ मारून नेतं, आणि आपल्याला वाटतं डोक्यात काहीतरी बिघडलं.

बरं, हे फक्त गैरसमजापुरतं नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने डिमेन्शियावर अभ्यास करायला जगभरातल्या तज्ज्ञांचा एक गट नेमला आहे. त्यांच्या २०२४च्या अहवालात अशा १४ गोष्टी आहेत ज्यांच्यावर वेळीच काही केलं तर जगातल्या जवळपास ४५ टक्के केसेस टळू शकतील किंवा लांबणीवर तरी पडतील. शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, दृष्टी, डोक्याला मार, नैराश्य, सिगारेट, दारू, सगळं त्यात आहे. हवेचं प्रदूषण आहेच; त्याच्या नावावर ३ टक्के धरलेत. ऐकू कमी येण्याच्या नावावर ७. आणि एकटेपणाच्या नावावर ५. हे जगाचे आकडे आहेत. आपल्याकडच्या हवेत प्रदूषणाचा वाटा याहून मोठा असू शकेल. पण तुमच्या भावाने तीनावर बोट ठेवलं आणि सात-पाच गावातच सोडून दिले, एवढं मात्र त्याला माझ्या नावाने सांगा.

कानाच्या मशीनबद्दल अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सरसकट सगळ्या म्हाताऱ्या माणसांत तीन वर्षांत फारसा फरक दिसला नाही. मात्र ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात मशीन वापरणाऱ्यांची बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. मशीन म्हणजे जादू नव्हे. कपाटात ठेवलेलं मशीन तर मुळीच नव्हे, आणि आपल्याकडची निम्मी मशीनं डबीतच असतात असा माझा अनुभव.

आता धूर. भाऊ खोटं बोलत नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सुमारे ६६ लाख लोकांच्या नोंदी २००१ ते २०१२ अशा तपासल्या. घर मोठ्या रस्त्यापासून किती अंतरावर आहे आणि डिमेन्शिया किती जणांना झाला, एवढाच साधा प्रश्न. ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत तो ७ टक्क्यांनी जास्त निघाला, ५० ते १०० मीटरमध्ये ४ टक्क्यांनी, २०० मीटरपर्यंत २ टक्क्यांनी, आणि त्यापुढे काहीच फरक नाही. गंमत म्हणजे पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे मेंदूचेच दुसरे दोन आजार त्याच नोंदींत तपासले, त्यांचा रस्त्याशी काही संबंध दिसला नाही. ७ टक्के म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. समजा हजार माणसांत शंभर जणांना डिमेन्शिया व्हायचा असेल, तर रस्त्याकाठच्या हजारांत तो एकशे सात जणांना होईल. घाबरून घर विकण्याएवढा हा आकडा नाही. पण झोपायची खोली बदलण्याएवढा नक्की आहे.

हे होतं कसं? गाड्यांच्या धुरातले सर्वांत बारीक कण फुप्फुसांतून रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात, आणि ज्या वाहिन्या हृदयाला त्रास देतात त्याच जातीच्या मेंदूतही आहेत. काही कण त्याहून जवळचा रस्ता धरतात. नाकाच्या वरच्या टोकाला वासाची नस आहे, ती थेट मेंदूत जाते. मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या माणसांच्या मेंदूत मृत्यूनंतर लोहाच्या ऑक्साइडचे, मॅग्नेटाइटचे, अतिसूक्ष्म गोल कण सापडल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. शरीर स्वतः बनवतं त्या मॅग्नेटाइटचे स्फटिक कोनाकोनांचे असतात. हे गोलमटोल होते, खूप तापून मग थंड झाल्यासारखे, इंजिनातून किंवा ब्रेकच्या घर्षणातून निघाल्यासारखे. त्यांनीच आजार होतो हे सिद्ध झालेलं नाही. पण नाकाने ओढलेला रस्ता डोक्यात जाऊन बसू शकतो, हे वाचल्यापासून मी सिग्नलला रिक्षात बसल्यावर पदर नाकाला लावते, हे कबूल करते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, वर्षभराच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. आपल्या देशाने स्वतःसाठी ४० ठरवलेत. म्हणजे आपल्याकडे 'समाधानकारक' म्हटलेली हवासुद्धा त्यांच्या मापाने समाधानकारक नसते. चांगली बातमी एकच, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत ज्या भागांतली हवा काही वर्षांत सुधारली, तिथल्या वयस्क बायकांत डिमेन्शियाचं प्रमाण त्या मानाने कमी आढळलं. म्हणजे उतारवयातही चांगल्या हवेचा उपयोग होतो. 'आता या वयात काय' हे म्हणायचं कारण नाही.

आवाजाचंही तसंच. डेन्मार्कमध्ये साठीपुढच्या सुमारे २० लाख लोकांचा २००४ ते २०१७ असा अभ्यास झाला. त्यात त्यांनी घराच्या सर्वांत गोंगाटाच्या बाजूचा आवाज धरला आणि सर्वांत शांत बाजूचाही. २०१७ सालच्या ८,४७५ नव्या केसेसपैकी १,२१६ केसेस रस्त्याच्या आणि रेल्वेच्या आवाजाच्या खात्यात जाऊ शकतात असा त्यांचा हिशेब. शांत बाजू का धरली? कारण माणूस शक्यतो तिकडे झोपतो, आणि रात्रीची झोप तुटत राहिली की मेंदूची रात्रपाळीची साफसफाई नीट होत नाही. आपल्याकडे रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे. सिंहगड रस्त्यावरून रात्री अकराला जाणाऱ्या एखाद्या डंपरला ती वाचून दाखवा.

तर ताई, रस्त्याकडची ती मोठी, हवेशीर खोली. तिथून हवा येते हे खरं, पण कोणती? आईंना मागची खोली द्या. लहान असेल, वाळत घातलेले कपडे दिसत असतील, चालेल. मोठी खोली मुलांना द्या असंही मी म्हणणार नाही. त्या खोलीचा दिवाणखाना करा. खिडक्या ऑफिसच्या वेळांत रस्त्याकडच्या बंद, मागच्या उघड्या. आणि एक गोष्ट आपल्या संस्कारांविरुद्ध सांगते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला फिरायला पाठवू नका. थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि रात्रभराचा धूर तिच्यातच कोंडतो. ऊन वर आलं, आठ-साडेआठ वाजले, की सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर फेऱ्या मारा. दहा हजार पावलांचा धाक नको. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात रोजच्या ३,८०० पावलांवरही डिमेन्शियाचा धोका २५ टक्क्यांनी कमी दिसला होता. फुटपाथवर मात्र एकटं सोडू नका. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय अडकून डोकं आपटलं, तर तीही त्याच १४ गोष्टींतली एक.

आता भावाच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. 'गावची हवा हेच औषध.'

भारतात साठीपुढच्या लोकांचा डिमेन्शियासाठी देशव्यापी अभ्यास झाला, त्याचे आकडे २०२३ मध्ये आले. साठीपुढच्या १०० जणांत सुमारे ७.४ जणांना डिमेन्शिया, म्हणजे देशभरात अंदाजे ८८ लाख माणसं. शहरात ५.३ टक्के. आणि खेड्यात ८.४. वाक्य पुन्हा वाचा, छपाईची चूक नाही. खेड्यात जास्त. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही चमकले, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात गाव म्हणजे मोकळी हवा, चालणं, ताजी भाजी. पण खेड्यातल्या आजच्या सत्तरीच्या बाईचं आयुष्य आठवून बघा. शाळा दुसरी-तिसरीपर्यंत किंवा तीही नाही. रक्तदाब कधी मोजलेला नाही. मोतीबिंदू पिकेपर्यंत ऑपरेशन नाही. आणि चाळीस वर्षं चुलीपुढे. शाळेतल्या वर्षांचा मेंदूला पुढे पन्नास वर्षांनी उपयोग होतो. संशोधक त्याला राखीव साठा म्हणतात, गंगाजळीसारखा. त्या खात्यावर तुमच्या आईंची जमा चांगली आहे, शिकलेल्या आहेत, तीसेक वर्षं तरी शिकवलंय. पण या साठ्याची दुसरी बाजू अशी की तो असला की माणूस बराच काळ निभावून नेतं आणि लक्षणं उशिरा दिसतात. म्हणून 'शिकलेली आहे, तिला काय होतंय' म्हणून सोडून देऊ नका.

चुलीचं मात्र विचारलंच पाहिजे. गॅस आहे हे पत्रात दिसलं. न्हाणीची चूल? आमच्याकडच्या कोकणातल्या बायका स्वयंपाक गॅसवर करतात आणि आंघोळीचं पाणी अजून चुडतं-सोडणं, म्हणजे नारळाच्या झावळ्या आणि सालं, जाळून तापवतात, कारण 'ती वाया कशाला घालवायची'. त्या कोंदट न्हाणीत ओल्या सोडणाचा धूर फुंकणीने फुंकत बसणं आणि पुण्याच्या चौकात उभं राहणं, यात फुप्फुसाला काही फरक कळत नाही. आई गावात राहोत की न राहोत, भावाच्या पैशातून पहिली वस्तू गीझर घ्या. चोवीस तासांच्या बाईच्या आधी.

एवढं सगळं धूर, आवाज, टक्केवारी. पण तुमच्या निर्णयात या सगळ्यापेक्षा मोठी एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसते. ती म्हणजे आईंच्या डोक्यातला नकाशा.

आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. आठवणी साठवतो आणि रस्तेही. जागा ओळखणाऱ्या पेशींच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. लंडनचे टॅक्सीवाले परवान्यासाठी शहराचे हजारो रस्ते पाठ करतात. २००० साली त्यांचे मेंदू तपासले तेव्हा याच भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी आढळली. आणि अल्झायमर्स, म्हणजे डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, सुरू होतो तोही याच परिसरात. म्हणून ओळखीच्या रस्त्यावर चुकणं हे दूध विसरण्यापेक्षा गंभीर लक्षण. दूध मीही विसरते, आणि मला अजून कोणी डॉक्टरकडे नेलेलं नाही.

२०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला एक अभ्यास मला फार आवडला. ३८ देशांतल्या जवळपास चार लाख लोकांना मोबाइलवर होडी चालवायचा एक खेळ दिला, रस्ता शोधण्याचा. शहराबाहेर वाढलेली माणसं त्यात सरस ठरली. शहरांतही शिकागोसारख्या काटकोनी, पाटीवर रेघा मारल्यासारख्या रस्त्यांत लहानपण गेलेले मागे पडले. वेड्यावाकड्या गल्ल्यांत वाढलेले पुढे. पाखाडीने खाली, व्हाळ ओलांडून, आंब्याला वळसा घालून शाळेत गेलेल्या मुलीचा हा राखीव साठा समजा. तुमच्या आईंकडे आहे. पण तो नकाशा देवरुखचा आहे.

माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. आम्ही त्यांना वाईहून बोरिवलीला आणलं, सासरे गेल्यावर आठच दिवसांत. वाईत त्या घाटावरून, गल्लीबोळांतून डोळे मिटून फिरायच्या. बोरिवलीत पंधराव्या दिवशी वॉचमनचा इंटरकॉम आला की आजी अकराव्या मजल्यावर कुणाच्या तरी कुलपात आमची किल्ली फिरवताहेत. आम्ही बाराव्यावर. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, सुरुवात झाली म्हणून. नंतर मी एकदा मुद्दाम लिफ्टमधून एकेका मजल्यावर उतरून पाहिलं. तीच फरशी, तोच तपकिरी दरवाजा, तीच कुंडी, तोच ट्यूबलाइट. मीसुद्धा आकडा वाचूनच घरी पोचत होते आणि त्यांना मोतीबिंदूमुळे तो लहान आकडा वाचताच येत नव्हता. दाराला लाल कापडाचं मोठं तोरण बांधलं आणि वाईच्या घराची पितळी घंटा लावली. पुन्हा कधी चुकल्या नाहीत.

पण ती गोष्ट इथे संपत नाही, कारण दुसरी चूक आमची होती आणि ती तोरणाने सुटली नाही. 'आता तुम्ही फक्त आराम करायचा' असं आम्ही सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं. भाजी फोनवर यायची. पोळीवाल्या बाई यायच्या. दूध पिशवीचं. वाईत दिवसभरात वीस माणसांशी दोन-दोन वाक्यं बोलणारी बाई, बोरिवलीत दुपारभर खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी बघायची. सहा महिन्यांत चालणं मंदावलं, बोलणं कमी झालं, आणि मग खरोखरच विसरायला लागल्या. डॉक्टरांनी तपासून आधी नैराश्यावर उपचार केले, मोतीबिंदू काढायला लावला, आणि आम्हाला विचारलं, "यांना घरात काम काय आहे?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग निवडायची पालेभाजी, मुलाच्या शुद्धलेखनाची वही आणि खाली जाऊन कढीपत्ता आणणं, अशी तीन कामं त्यांच्याकडे आली. कढीपत्ता फ्रिजमध्ये भरपूर असायचा. तो मी लपवायचे.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं 'गाव' किंवा 'पुणे' असं एका शब्दात उत्तर मी देणार नाही. पण क्रम सांगते, आणि तो मोडू नका.

सामान बांधायच्या आधी तपासणी. रत्नागिरीत किंवा चिपळूणला, किंवा 'चार दिवस ये' म्हणून पुण्यात. कानाची ऑडिओमेट्री, डोळे, रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व. आई शाकाहारी असतील तर बी-१२ मुळीच सोडू नका. त्याच्या कमतरतेने विसरणं, चिडचिड, पायाला मुंग्या हे सगळं होतं आणि ते भरून काढता येतं. वर्षाच्या आत नवरा गेलेल्या बाईचं दुःखही विसरण्याचं सोंग घेऊन येतं. हे सगळं बघून झाल्यावर न्यूरॉलॉजिस्ट किंवा वृद्धांचे डॉक्टर स्मरणाची चाचणी घेतील. डॉक्टरांना सांगायला एक गोष्ट आधी काकूंकडून काढून घ्या: आई देवरुखच्या बाजारात जाऊन, पिशवी भरून, हिशेब बरोबर करून घरी येतात का? पेन्शनचं बँकेचं काम स्वतः करतात का? ते जमत असेल तर तुमच्याकडे वेळ आहे. वाटेत गोंधळत असतील, किंवा पैशात चुका होत असतील, तर हे दोन आठवड्यांत करा.

तोवर दुधाचा प्रश्न. आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी, किंवा काकूंच्या घरी दूध तापवून. मोठा उपाय लगेच नको.

तपासणीत काही भरून येण्यासारखं निघालं आणि आई अजून स्वतःचं करू शकत असतील, तर मी त्यांना गावात राहू देईन, पण एकटं नाही. चोवीस तासांची बाई नको. तीही त्यांच्या हातातलं काम काढून घेईल. सकाळी दोन तास कोणी यावं, दुपारी शाळेतली दोन-चार पोरं अभ्यासाला ओटीवर बसावीत. मास्तरीणबाईंकडे गावात पोरं येत नाहीत असं होत नाही, कोणीतरी फक्त सांगायचं असतं. भावाला वेळ नेमून द्या. रोज आपल्या रात्री आठला व्हिडिओवर, दहा मिनिटं, चेहरा दिसेल असा. ओठ दिसले की कमी ऐकू येणाऱ्याला जास्त कळतं. त्याच्या पैशांतून गीझर, कानाचं मशीन, आणि ही दहा मिनिटं त्याच्या वेळेतून.

डिमेन्शियाचंच निदान झालं, तर पुण्याला आणणं बहुधा टळणार नाही. औषधं, डॉक्टर, पडल्या-झडल्याला धावणारं माणूस, हे शहरात आहे आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण मग लवकर आणा. नवी जागा शिकायची ताकद आज आहे ती दोन वर्षांनी नसेल. एकदम नको, आधी आठ दिवस, मग परत गाव, मग महिनाभर. तीच मागची खोली, तेच पांघरूण. गावच्या घरातलं घड्याळ त्याच उंचीवर, पलंगाची डावी बाजू भिंतीला असेल तर इथेही डावीच. रात्री उठून न्हाणीघराकडे जायला पाय त्या सवयीने चालतात, डोळे उघडायच्या आधी. दारावर ओळखीचं काहीतरी. आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या पायाने जायची एक जागा ठरवून द्या, भाजीवाली, देऊळ, सोसायटीच्या बागेतला एक बाक, काहीही, जिथे त्यांना नावाने ओळखणारं एक माणूस असेल. शहराने मेंदूला काय केलं हे मोजताना संशोधक मीटर आणि डेसिबल मोजतात. मी विचारलं असतं, या बाईला आज रस्त्यात कोणी थांबवून 'बरं आहे ना?' म्हटलं का?

अडल्या-नडल्याला ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ वर आहे. आणि तुमचं स्वतःचं मन फार खचत असेल तर टेलि-मानसचा नंबर १४४१६. हा दुसरा नंबर लेकींसाठीही आहे हे फारसं कोणी सांगत नाही.

गावातल्यांचं काय? त्यांना उत्तर द्यायची गरज नाही. त्यातल्या कोणी रोज संध्याकाळी अर्धा तास आईंच्या ओटीवर येऊन बसायची तयारी दाखवली, तर त्यांचं म्हणणं ऐकून घ्या.

एक राहिलं. तुमच्या पत्रात तुम्ही काय ठरवलंत ते आहे, भावाने काय लिहिलं ते आहे, काकू काय म्हणाली तेही आहे. आईंचं स्वतःचं एक वाक्य नाही. कदाचित तुम्ही विचारलं असेल आणि त्यांनी 'हं, हं' म्हटलं असेल. तर कान तपासून आलात की त्याच संध्याकाळी पुन्हा विचारा. टीव्ही बंद करून, उजेडात, समोर बसून. डॉक्टरांनी सांगितलं असेल की डाव्या कानाने बरं ऐकू येतं, तर डाव्या बाजूला.